खारदुंग खिंड सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

३ जुलै
आजपासून रोजनिशी. मोहिमेवर जाणारी मोठी माणसं लिहितात असं ऐकून आहे. मोहीम ठरली. पोळा झाला की बाइकवर लडाख, खारदुंग खिंड. मी आणि गावातले दोघे मित्र, उत्तमसिंग आणि पुंजाजी. लीडर मीच. तसं कोणी म्हणालं नाही, पण 'कुरुंदा रायडर्स' हे नाव माझं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिनही मीच.

माझी बाइक नवी, साडेतीनशे सीसी. पुंजाजी त्याच्या जुन्या शंभर सीसीवर येणार, जिच्यावर तो शेळ्या बाजारात नेतो. मी स्पष्ट सांगितलं, डोंगरात ती बंद पडली तर ग्रुप थांबणार नाही. तो म्हणाला, व्हय.

५ जुलै
बाबांकडे विषय काढला. बेचाळीस वर्षांचा झालो, तरी हळदीला कोणतं खत, सोयाबीन कधी काढायचं, सगळं सटवाजीराव, म्हणजे बाबाच, ठरवणार. मी फक्त पोती उचलायला. आज पारावर चार माणसांसमोर विचारलंच, कारभार माझ्याकडे कधी देणार.

बाबा तंबाखू मळत म्हणाले, धरलेलं एक तरी काम शेवटाला नेलंस का? शेडनेट न्हाई, कोंबड्या न्हाई, ती व्यायामशाळा न्हाई. आता खिंड म्हणतूस ना? आपल्या घरची गाडी जे कोणी खिंडीच्या पल्याड नेईल, त्याच्याकडं दसऱ्यापासून कारभार. सटवाजीचा शब्द हाय.

म्हणजे मिळालाच. घरी येऊन बायकोला, मंजुषाला, सांगितलं. ती म्हणाली, चार माणसांसमोर बोलले ना मामा? मग बदलायचे न्हाईत.

१९ जुलै
डोंगरात ऑक्सिजन कमी असतो. उंचीची सवय लागते. आपल्याकडे उंच काय, तर गावची पाण्याची टाकी. सकाळीच चढलो. दीर्घ श्वसन सुरू केलं आणि खाली ही गर्दी. ग्रामसेवक धावत आले, खालून ओरडून विचारायला लागले, मागणी काय आहे. आपल्याकडे मागणीशिवाय टाकीवर कोणी चढत नाही. एवढ्या लोकांना श्वास घेतोय असं कसं सांगणार. शेतरस्ता, असं म्हणालो. ग्रामसेवकांनी लेखी आश्वासन दिलं.

उतरताना अर्ध्यात शिडीला मिठी मारून थांबलो. उपाशीपोटी होतो. पुंजाजीने वर येऊन खांद्यावर घालून उतरवलं. त्याला शेळ्यांची सवय आहे.

१२ ऑगस्ट
वसमतला जाऊन फ्लेक्स छापून आणला. गणपतीत छपाईला गर्दी असते, नियोजन म्हणून आधीच. 'खारदुंग खिंड सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझा गॉगलवाला फोटो, पूर्ण लांबीचा. उत्तमसिंग आणि पुंजाजी खालच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढे. शुभेच्छुक: समस्त गावकरी. गावकऱ्यांना विचारायचं राहिलंय. किराणावाल्या रामकडे गुंडाळी ठेवली. मेसेज आला की चौकात लावायचा.

२६ ऑगस्ट
बाबांचं फर्मान, मंजुषाही येणार, सामानाच्या गाडीत. म्हणे मला सांभाळायला कोणीतरी पाहिजे. मी म्हणालो, बाईमाणसाला काहून एवढी तकलीफ. ती म्हणाली, मला कसली तकलीफ, बसूनच तर येऊन राहिले.

ती घरची जुनी बाइक चालवते, मागे खताचं पोतं बांधून, चिखलातून. पण ते शेत. घाट वेगळा. आज माझी नवी बाइक मागत होती. क्लच खराब होतो म्हणून नाही दिली. तरी आंघोळीला गेलो तेव्हा फाट्यापर्यंत नेऊन आणली. गिअर टाकताना माझ्याकडून होतो तो आवाज तिच्याकडून झाला नाही. बाइक मालकाशीच बोलते.

९ सप्टेंबर, मनाली
नांदेडहून बाइक रेल्वेत टाकल्या, रेल्वे संपली तिथून ट्रकने इथवर आणल्या. सामानाची गाडी इथे ड्रायव्हरसकट भाड्याने घेतली. आजपासून राइड. लीडर म्हणून सर्वांत पुढे निघालो. दुपारपर्यंत सर्वांत मागे होतो. मागून ग्रुपवर लक्ष ठेवता येतं.

पुंजाजीची बाइक अजून बंद पडलेली नाही. पडेल.

१३ सप्टेंबर, लेह
हॉटेलवाला म्हणाला, दोन दिवस नुसतं झोपून राहा, उंचीची सवय होऊ द्या. उत्तमसिंग, पुंजाजी आणि मंजुषा खरंच झोपून राहिले. एवढ्या लांब येऊन झोपायचं. माझा टाकीवरचा सराव झालेला. बाजार फिरलो, टेकडीवरच्या स्तूपाच्या पायऱ्या चढलो. डोकं ठणकतंय. हेल्मेट घट्ट आहे. मंजुषा म्हणाली, गप पडा जरा. गप पडणाऱ्यांकडे कारभार येत नसतो, हे मी तिला ऐकवलं.

१५ सप्टेंबर, सकाळी
आज खिंड. रामला मेसेज टाकला: लाव.

१५ सप्टेंबर, दुपारी, लेह, दवाखाना
खिंडीच्या अलीकडे चेकपोस्ट लागतं. तिथे चहाला उतरलो तो खालीच बसलो. स्टँड लावायचं राहिलं, बाइक आडवी. मग उलटी. नूडल्स शिळे असणार. तिथल्या डॉक्टरने तपासलं, म्हणाला खाली नेलं की ठणठणीत होतील, वर मात्र न्यायचं नाही. सामानाच्या गाडीत पिठाच्या डब्याशेजारी मला घातलं, नाकाला ऑक्सिजन लावला. उत्तमसिंग आपली बाइक चेकपोस्टवरच ठेवून सोबत बसला.

प्रश्न राहिला बाइकचा. मंजुषाने माझं हेल्मेट घातलं. घट्ट नव्हतं. म्हणाली, तुमी न्हाई तर न्हाई, मामांच्या शब्दाला आपली गाडी तरी पल्याड जाऊ द्या. मी हात हलवून थांब म्हणालो. उत्तमसिंगला वाटलं मी टाटा करतोय, त्यानेही केला. ती गेली. मागून पुंजाजीची शंभर सीसी, टुकटुक.

विचार केला. गाडी माझी, हेल्मेट माझं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मीच गेलो.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी
दोघं खिंड ओलांडून, पल्याडचं पहिलं गाव गाठून परत आली. ग्रुपवर फोटो आला. वरची पाटी, माझी बाइक, मंजुषा हसतेय. अ‍ॅडमिन असल्याने लगेच डिलीट केला. पण पुंजाजीने तो गावच्या ग्रुपवरही टाकला होता. तिथे अ‍ॅडमिन बाबा आहेत.

रामने चौकात फ्लेक्स लावल्याचा फोटोही तिथेच टाकलाय, बरोबर त्याच्याखाली. बाबांचा फोन आला. मंजुषाच्या फोनवर. माझी तब्येत विचारली म्हणे.

दसरा
सोनं वाटून झाल्यावर बाबांनी पारावर सगळ्यांसमोर गोदामाच्या किल्ल्या मंजुषाच्या हातात दिल्या. मी मुद्दा मांडला, गाडी माझ्या नावावर आहे. बाबा म्हणाले, राहू दे की, गाडी तुझ्याच नावावर राहू दे.

हसले असते तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. पुंजाजीने तर खांद्यावर हात ठेवला. फार वाईट वाटलं. ठरवलं, आठवडाभर कोणत्याच कामाला हात लावायचा नाही. बघू हिचा कारभार कसा चालतो.

दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस
सकाळीच सोयाबीन काढायला गेलो. मंजुषाने मजूर सांगून ठेवले होते. बाबा दरवर्षी एक दिवस उशीर करायचे, तिने केला नाही. योगायोग.

११ ऑक्टोबर
आभाळ भरून आलं. सोयाबीनची गंजी लागलेली आणि ताडपत्री कमी पडली. मंजुषा म्हणाली, चौकातला तुमचा फ्लेक्स आणा, मोठा हाय. मीच शिडी लावून काढला. मी सुचवलं, फोटोची बाजू आत करू. ती म्हणाली, गुळगुळीत बाजू वर पाहिजे, पाणी निथळून जातं. ते बरोबर आहे.

ती घरचं वाळवण झाकायला गेली, मी फ्लेक्स गंजीवर पसरला. वारा सुटला म्हणून कडेने दगड ठेवले, एक छातीवर, एक कपाळावर. तेवढ्यात रस्त्याने जाणारा, शेजारच्या हट्टा गावचा एक माणूस गाडी थांबवून बघायला लागला. खिंडीचा फोटो म्हणे त्यांच्या गावातही फिरतोय. फ्लेक्स वाचला, फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ओळखलं नाही, गॉगल नव्हता. विचारलं, ही खिंड वलांडली ते माणूस कुठं भेटल?

घरी हाय, म्हणालो. मी फक्त दगड ठेवायला आलोय.