दोरा न बांधलेली पुरवणी

पौड,
८ जानेवारी १९८९

प्रिय नसीर,

दुसरी कॅसेट पोचली. तुझ्या मित्रानं ती स्वारगेटला आपल्या कंडक्टरच्या हाती दिली आणि त्यानं इमानदारीनं शाळेत आणून टाकली. पोच म्हणून चार ओळींचं कार्ड टाकणार होते, पण कार्डात माझा राग मावणार नाही, म्हणून हे ताव घेऊन बसले आहे. खुशाली आधी सांगून टाकते. अब्बांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तरी ते दुकानाच्या पायऱ्या चढतात आणि गिऱ्हाइकाला तुझा पगार सांगतात. मी बरी आहे. मागच्या महिन्यात तलाकच्या प्रश्नावर पुण्यात बोलले, तेव्हा अर्धी सभा उठून गेली. उरलेल्या अर्ध्या सभेसाठी तासभर जास्त बोलले.

आता कॅसेटचं. गेल्या जूनमध्ये तुझ्या कंपनीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर तू शाळेला दिलास, सोबत जुना टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि तू स्वतः लिहून कॅसेटवर भरलेला खेळ, ‘चावडीचं घड्याळ’. सुरू करून दिलास आणि निघून गेलास. त्यानंतर इकडे फिरकला नाहीस, म्हणून इथं काय झालं ते तुला ठाऊक नाही. मला वाटलं होतं, मुलं आठ दिवस नाचतील आणि यंत्रावर धूळ बसेल. पण दर रविवारी विज्ञानाच्या खोलीत माणसं मावेनाशी झाली. मुलं तर होतीच, पण स्टँडसमोरचा चहावाला गेणबा दुपारी भट्टी विझवून येऊ लागला. उरवड्याच्या कारखान्यात जाणारी सारजाबाई सुट्टीच्या दिवशी धुणं उरकून यायची आणि मागच्या बाकावर पदर आवरून बसायची. पडद्यावरचं तुझं मराठी इंग्रजी अक्षरांत, ते तिला वाचता येत नाही. दहावीतला नथू तिला वाचून दाखवतो. कुणी नर्स व्हायचं, कुणी पोस्टमन, कुणी मास्तर, आणि त्या नकली गावात दारोदार हिंडायचं. माणसं मुखवटा चढवला की किती खरी वागतात, हे मी इतकी वर्षं व्यासपीठावरून पाहते आहे, पण गेणबा पोस्टमन झाल्यावर एका विधवेचं पत्र न फोडता पोचवण्यासाठी तीन रविवार झगडताना पाहिला, तेव्हा तुझा अभिमान वाटला. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे असं काही फारसं येणार नाही.

धरण आपल्या उशाशी आणि दिवे मुंबईला, हे तुला नव्यानं सांगायला नको. वीज गेली की यंत्र सगळं विसरतं. मग पुन्हा टेप लावा, पुन्हा ती घरघर ऐका, पुन्हा वेशीपासून चाला. म्हणून नथूनं वही घातली. कुणी काय मिळवलं, कुणाशी खरं बोललं, कुणाला फसवलं, सगळं तारीखवार. वीज आली की वही उघडायची आणि त्याच वाटेनं जिथं होतो तिथं यायचं. या लोकांनी तुझ्या यंत्राला आठवण दिली, नसीर. जे तुझ्या यंत्राकडे नव्हतं ते दोनशे पानी वहीनं दिलं.

आणि मग त्या खेळाचा शेवट. एका हुशार पोरानं, आत काय फिरतं ते बघायचं म्हणून चावडीचं घड्याळ उघडलं आणि त्याला ते परत जोडता आलं नाही. आळ आला पहारेकरी रामावर, कारण किल्ली त्याच्याकडे. खेळणाऱ्याला हिंडता हिंडता खरं कळतं. गावाची सभा भरते, रामा खाली मान घालून उभा असतो, आणि पडद्यावर तू विचारतोस: बोलायचं असेल तर एक दाबा, गप्प बसायचं असेल तर दोन. लोक घाम पुसत दाबायचे. आणि एक दाबा की दोन, तुझं यंत्र एकच वाक्य लिहायचं. सभा संपली, लोक घरी गेले. गेणबानं तर टीव्हीला थाप मारून पाहिली. त्याला वाटलं, आत काही अडकलंय. म्हणाला, “बाई, मी एक दाबला, हा लबाड न्हाई म्हून सांगितलं, मंग सभा ऐकली का न्हाई? का ह्यो डबा बी सरपंचावानी हाय?”

याच लोकांनी दिवाळीत तुला पत्र लिहिलं. शुद्धलेखन मी सुधारलं, मागण्या त्यांच्याच. किती साध्या होत्या. वहीत जे आहे ते पुढच्या भागात धरलं जावं. ज्यानं पत्र पोचवलं त्याला गावात मान मिळावा, ज्यानं फसवलं त्याला ते कधीतरी भोवावं. पहिल्या खेळात बरोबर चालणारी, येताजाता टोमणे मारणारी ती म्हातारी परत हवी. नवी जागा दिली नाहीस तरी चालेल, पण जुन्याच गल्ल्यांत, न उघडलेल्या दारांमागे काय आहे ते दाखव. आणि मुख्य म्हणजे सभेनंतर रामाचं काय झालं ते सांग. हे शेवटचं सारजाबाईनं घालायला लावलं. सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. “त्या पहारेकऱ्याला पोरं असत्याल की. त्यांचं काय झालं, ते इचारा.”

याला उत्तर म्हणून तू काय पाठवलंस? किल्ला. भुयार. अकरा हत्यारं, एक उडता घोडा आणि सात तोंडांचा राक्षस. सुरू करताना सगळ्यांना कोरी पाटी, वहीबद्दल एक अक्षर नाही. म्हातारी नाही, गाव नाही, रामा नाही. गेणबा म्हणाला, “पैल्या खेळात एक कंदील मिळवाया जीव गेला, आन हितं पाय टाकल्याबरुबर तलवार. फुकाटची तलवार कोण धरतंय हातात?” नथूनं वही मिटून कपाटात ठेवली. मुलं तासाभरात राक्षस मारून चेंडू खेळायला गेली. सारजाबाई शेवटपर्यंत बसली होती. तिला वाटत होतं, किल्ल्यात कुठंतरी रामा असेल.

तू चिठ्ठीत लिहिलंस की लोकांना नवीन काहीतरी लागतं. कुठल्या लोकांना? मी चौदा वर्षं परीक्षेला मुलांवर देखरेख करते. मुलगा हात वर करून पुरवणी मागतो, कारण त्याचं उत्तर अपुरं राहिलेलं असतं. त्या कागदावर तो जिथं थांबला तिथूनच पुढे लिहितो, आणि मग मी उभी राहून ती दोऱ्यानं मूळ उत्तरपत्रिकेला बांधून घेते. पहिला प्रश्न अर्धा टाकून पुरवणीवर किल्ल्याचं चित्र काढणाऱ्या मुलाला तू किती गुण देशील? त्याला उत्तर येत नव्हतं असं मी म्हटलं असतं. तुझ्याबाबतीत तेही म्हणता येत नाही. तुला उत्तर येतं.

नसीर, मी पहिल्याच रविवारी ओळखलं होतं. चावडीचं घड्याळ म्हणजे शाळेचा रेडिओ. रामा म्हणजे आपले भिकाजी शिपाई. सदुसष्टच्या डिसेंबरमध्ये मी कॉलेजातून सुट्टीला आले होते, आणि परसात तू माझ्याच ओढणीत, शाळेतून आणून उघडलेल्या त्या रेडिओचे काचेचे दिवे आणि तारा गुंडाळत होतास. बारा वर्षांचा होतास. रडत सगळं सांगितलंस. तुझी स्कॉलरशिपची परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी ओढणी तुझ्या हातातून घेतली आणि तळ्यात नेऊन टाकली. चार दिवसांनी शाळेच्या पटांगणात सभा भरली. खोलीची किल्ली भिकाजींकडे, आणि ते बौद्धवाड्यातले. संशय कुणावर घ्यायचा हे ठरवायला गावाला विडी ओढण्याइतकाही वेळ लागला नाही. रेडिओ पुण्यात नेऊन विकला म्हणाले. ते एवढंच म्हणत राहिले की मी न्हाई नेला. मी तिथं पहिल्या रांगेत होते. त्याच आठवड्यात मला वक्तृत्वाचा करंडक मिळाला होता, विषय होता अन्यायाविरुद्ध आवाज. त्या सभेत मी तोंड उघडलं नाही.

म्हणून मला तुझ्या खेळाचा इतका संताप येतो. घड्याळ मोडणारं पोर त्यात कोपऱ्यात कुठंतरी आहे, त्याला नाव नाही, त्याला कुणी काही विचारत नाही. बोलायचं की गप्प बसायचं हा प्रश्न तू साक्षीदाराला विचारलास. म्हणजे खेळणाऱ्या प्रत्येकाला तू माझ्या जागी उभं केलंस आणि स्वतः पडद्यामागे राहिलास. आणि कुणी काहीही दाबलं तरी सभा संपते, लोक घरी जातात. लोक गेले घरी, खरं आहे. भिकाजींची नोकरी गेली. त्यांनी ताम्हिणीच्या रस्त्यावर खडी फोडली. त्यांची मुलगी चौथीत होती. वर्गातल्या पोरांनी तिला चोराची पोर म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभरात ती यायची थांबली. तिला मी पुढे कधी शाळेत आणू शकले नाही, मी या शाळेत लागेपर्यंत तिचं लग्न झालं होतं. ती मुलगी म्हणजे सारजाबाई. मागच्या बाकावर बसून तुझा पडदा वाचून घेणारी. तिला काही माहीत नाही. गोष्टीतल्या पहारेकऱ्याच्या पोरांची चौकशी ती आपल्या मनानं करते.

मी वीस वर्षं व्यासपीठांवर काय काय बोलले. धर्ममार्तंडांना बोलले, आमदारांना बोलले, दगड खाल्ले. लोक मला निर्भीड म्हणतात, तेव्हा मला त्या तळ्यातल्या ओढणीची आठवण होते. तुझ्यावर चिडण्याचा अधिकार मला किती, हेही मला ठाऊक आहे. पण मी चिडणार.

गेल्या रविवारी सारजाबाई वडिलांना घेऊन आली. पुन्हा पहिलीच कॅसेट लावली, नथूनं कपाटातून वही काढली. वीस वर्षांनी भिकाजी त्या फाटकातून आत आले. चपला बाहेर काढल्या, कितीही सांगितलं तरी खुर्चीवर बसले नाहीत, बाकाच्या कडेला टेकले. दिसतं कमी, म्हणून नथू वाचत होता आणि ते सांगतील ते दाबत होता. पोरं मजेत होती. सभा आली. नथू म्हणाला, “आबा, तुमाला समदं ठाव हाय. घड्याळ त्या पोरानं मोडलं. आता बोलायचं का गप्प बसायचं?” मी खिडकीपाशी उभी होते. भिकाजी म्हणाले, “गप्प बस.” सारजाबाई चिडली, “आबा, आवो त्या गरिबाचं काय?” त्यावर ते म्हणाले, “पोरगं शिकतंय. ऱ्हाऊ दे.” नथूनं दोन दाबला. सभा संपली, लोक घरी गेले. जाताना त्यांनी मला विचारलं, “बाई, नसीरभाऊ बरं हायेत न्हवं?” त्यांना किती माहीत आहे आणि केव्हापासून, हे विचारायचं धाडस माझं झालं नाही.

हेडमास्तरांचं निमंत्रण तुला मिळालंच असेल. सव्वीस जानेवारीला शाळेचा रौप्यमहोत्सव, तू प्रमुख पाहुणा, आणि त्याच पटांगणात मांडव. तुझी ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मी भिकाजी आणि सारजाबाईसाठी राखून ठेवल्या आहेत, आणि या वेळी त्यांना खुर्चीवर बसवणार आहे. ओळख करून देताना मी ओढणीपासून सुरुवात करीन, माझ्या वाट्याचं तेवढं मी सांगीन आणि तुझ्या नावापाशी येऊन थांबेन. त्यापुढचं तुझं आहे. भिकाजींनी तुला, कदाचित दुसऱ्यांदा, सोडलं, ते त्यांचं मोठेपण, मी तेवढी मोठी नाही. नथूच्या वहीतलं त्यांचं पान त्याला विचारून काढून घेतलं आहे आणि या पत्राला दोऱ्यानं बांधलं आहे. तिसरी कॅसेट पाठवू नकोस. पहाटेच्या गाडीनं ये, झेंडावंदन आठला आहे.

तुझीच, त्या दिवशी गप्प बसलेली,
फहमिदाआपा