अश्विनीसाठी उचललेला भंडारा

८ जून, सोमवार
।। श्री ।।
आज घरात आलं: तूरडाळ १ किलो १४०, उदबत्ती २०, आमच्या पल्लवीचा कॉलेजचा टी-शर्ट २५०. पाठीवर छापलंय 'विद्यार्थी दूत'. खेड्यातल्या मुली कॉलेजात आणायचं काम कॉलेजचं, हिंडणार पोरं, अन् पैसे आम्ही! हे म्हणाले, "जाऊ दे, मिरवील." मिरवायला काय वरात आहे?

१४ जून, रविवार
पल्लवीसोबत फुलंब्रीकडं गेले. आमच्या दूधवाल्याचं गाव. तिथली अश्विनी, बारावी पास, लई हुशार. वडील रामभाऊ हटून बसलेले. पल्लवीचं पत्रक न बघता बाजूला ठेवलं. मला म्हणाले, "कागद नको, वहिनी. पोरगी दिवेलागणीच्या आत घरी येईल, असा भंडारा उचला." उचलला. डोक्यावर पदर घेऊन, त्यांच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकासमोर शपथ घेतली. पल्लवीचं कॉलेज सकाळचंच, मग भ्यायचं काय? अश्विनी आतून ऐकत होती. भाकर करपली तिची.

१७ जून
कॉलेजात दूतांची मीटिंग. पल्लवीनं सांगितलं, गावच्या मुलींना सकाळची पाळी द्या, संध्याकाळी एसटीचा भरवसा नाय. प्राचार्य सर म्हणाले, "नोंद घेतली." मग फोटो. चहा पण नाय.

६ जुलै, सोमवार
पहिल्या वर्षाच्या अश्विनीच्या तुकडीला दुपारची पाळी! बारा ते साडेपाच! अश्विनीची एसटी हुकली, घरी पोचली तेव्हा मिट्ट काळोख. घेतली म्हणे नोंद! देवा, मी तुझ्यासमोर खोटी पडले, अन् सर केबिनमध्ये गार हवेत.

८ जुलै
दूधवाल्यानं दुधासोबत पुडी दिली. आत भंडारा. "रामभाऊनं परत पाठवलाय, बाई. पोरीला खुरपायला लावली." फोन केला, उचलत नाहीत. पुडी देव्हाऱ्यात ठेवली.

१० जुलै, शुक्रवार
पल्लवीसोबत मी पण कॉलेजात गेले. सगळ्या दूतांनी टी-शर्ट घड्या करून सरांच्या टेबलावर ठेवले. पल्लवी म्हणाली, "सर, मुली आणायला आम्ही, अन् वेळ ठरवायला तुम्ही एकटे?"
"अगं, एका मुलीसाठी टाइमटेबल बदलू?"
"एक नाय सर. आम्ही आणलेल्या सगळ्याच एसटीनं येतात. दोघींनी आधीच सोडलं."
मग सर नरमले. गावच्या मुलींना सोमवारपासून सकाळच्या तुकडीत बसू देतो म्हणाले. मी पुडी पुढं केली. "साहेब, उचला भंडारा."
हसले. "मावशी, हे कॉलेज आहे."
"व्हय, तर मग इथं शब्द कशावर देतात?"
उचलला नाय. "नोटीस लावू" म्हणाले. पोरांनी टी-शर्ट तिथंच सोडले, नोटीस लागल्यावर नेऊ म्हणे. तोवर मुली आणायला गावात एकही दूत जाणार नाय. शाब्बास.

११ जुलै, शनिवार
नोटीस नाय. पल्लवी दोनदा बघून आली.
पुडी परत पाठवायला मन होईना. नुसती चिठ्ठी दूधवाल्याकडं दिली, ती अशी:
"रामभाऊ, नोटीस लागली नाय. खोटं लिहीत नाय. सोमवारी पहिल्या एसटीला मी स्वतः तुमच्या फाट्यावर येते. अश्विनीला वर्गाच्या दारापर्यंत नेते. बसू दिलं नाय तर तशीच घरी आणून सोडते. भंडारा माझ्या देव्हाऱ्यात आहे, दिवा लावलाय. पोरीला पाठवता का नाय, तेवढं उद्याच्या दुधासोबत कळवा."