दुसऱ्या भागाच्या करारावर सही करण्यापूर्वी

मी चुडामण उखा पाटील, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षक, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा पश्चिम खानदेश, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकाशकांचे प्रतिनिधी चुनीलाल सकाळपासून नवा करार घेऊन ओट्यावर बसले आहेत, एवढेच. दर दोन ओळींनी उठून मी त्यांना पाहून येतो.

१. घर व कपाशीचे शेत चिरंजीव रतिलाल यास मिळावे. पत्नी दगूबाई हयात आहे तोवर घरात तिचाच शब्द चालेल.

२. वनौषधींवरील माझे पुस्तक वैद्यक पाठशाळांत शिकवतात. त्याच्या पहिल्या भागाच्या वेळी हेच चुनीलाल म्हणाले होते, "गुरुजी, सही करी टाका, मोटर निंघी जाई." त्यांना शहाद्याची मोटर वेळेवर मिळाली आणि माझे सर्व हक्क गेले. दुसऱ्या आवृत्तीत कागद वाचवण्यासाठी कळलावी या वेलीच्या माहितीखालची ओळ गाळली: कंद विषारी आहे, पोटात देऊ नये. ती परत घाला म्हणून मी पत्रे लिहिली. उत्तर आले, मजकुरात फेरफार करण्याचा अधिकार लेखकास नाही. मग त्या ओळीसह ते पान स्वतः छापून विद्यार्थ्यांना वाटले, तर वकिलाची नोटीस आली. पुढे मोलगीकडे एका शिकाऊ वैद्याने पुस्तक पाहून एका बाईला तो कंद दिला. ती कशीबशी वाचली. पुस्तकावर नाव कोणाचे आहे, ते तिच्या नवऱ्याने विचारून घेतले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

३. दुसऱ्या भागाचे हस्तलिखित व त्याचे सर्व हक्क कन्या कमलबाई हिला देतो. करारात पुढील गोष्टी लिहून मिळाल्या तरच तिने सही करावी. चूक दुरुस्त करण्याचा हक्क लेखकाकडे, म्हणजे माझ्या पश्चात तिच्याकडे, राहील. लेखकाला न दाखवता एक ओळही गाळली जाणार नाही. आपला मजकूर आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यास व वाटण्यास आडकाठी नसेल. नाहीतर हस्तलिखित पेटीतच राहू द्यावे. तसेच, पहिल्या भागाची प्रत जिथे दिसेल तिथे तिने ती गाळलेली ओळ लाल शाईने लिहावी. याबद्दल फिर्याद झाल्यास ती माझ्यावर करावी, मी हजर राहणार नाही.

४. रतिलाल मघाशी म्हणाला, "नाना, इतली किटकिट कसाले? सही करी टाका नं." बांधाच्या वीतभर जमिनीसाठी तो तलाठ्याशी दिवसभर भांडतो. पुस्तकाच्या कामात त्याला काहीएक बोलण्याचा अधिकार नाही.

५. साक्षीसाठी चुनीलालांना विचारले. ते म्हणाले, "थांबा गुरुजी, वाच्याबिगर सही कशी करू?" त्यांना चहा द्यावा आणि हवा तेवढा वेळ वाचू द्यावे.

मुक्काम ब्राह्मणपुरी, ९ नोव्हेंबर १९३७
चुडामण उखा पाटील

साक्षीदार
सुकलाल दौलत पाटील, शेजारी
चुनीलाल मगनलाल शहा, प्रकाशकांचे प्रतिनिधी. संपूर्ण मजकूर वाचून, समजून सही केली आहे.