माशांना मानवलेलं पाणी

ती. आत्यास,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (जरा लांबूनच ठेवलंय, कारण दोनदा साबण लावला तरी अंगाचा वास जात नाही). तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? आणि हे पत्र जी तुला मोठ्याने वाचून दाखवते आहे तिचं कसं चाललंय? तिने इथे ‘बरं आहे’ म्हणून पुढच्या ओळीवर उडी मारू नये. पाय सुजलेत का ते आधी तुला दाखवावं, मगच पुढे वाचावं.

तुझा निरोप पोचला. हिला सातवा लागला, आता पोर बापाच्या घरात जन्मू दे, मी स्वतः हिला घेऊन येते, गाठोडं बांधून तयार आहे, असं तू म्हणतेस. बोलावलं मीच होतं. खोली घेतली, खोलीत नळ आहे, हे मीच दहादा कळवलं. तेव्हा तुम्ही यायचं की नाही त्याबद्दलच लिहायला बसलोय. पण आधी माशांचं सांगावं लागेल, त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

तू गावभर सांगितलंस की पोरगं पाण्याच्या खात्यात चिकटलं. खोटं नाही ते. फक्त आमच्याकडे पाणी येतं ते लोकांचं वापरून झाल्यावर. सगळ्या शहराचं मैलापाणी आमच्या हौदात उतरतं आणि माझी जागा तोंडाशीच, लोखंडी जाळीपाशी. लांब दांड्याच्या दाताळ्याने जाळीत अडकलेलं वर ओढायचं. चिंध्या, चपला, बाहुल्यांची मुंडकी, एकदा तर अख्खी कवळी (ती मुकादमाने धुऊन कपाटावर ठेवलीय, मालक विचारत येईल म्हणून). मी गॅरेज सोडलं, वीटभट्टी सोडली, हॉटेलातल्या बशा सोडल्या. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तू म्हणायचीस. इथे मात्र टिकलो, कारण आधी नाक मेलं आणि मग मनाने उठायचं सोडलं. जाळीतून पुढे गेलेल्या पाण्यात यंत्राने हवा सोडायची, गाळ खाली बसवायचा, औषध घालायचं आणि मग ते नदीत सोडायचं, असं भिंतीवर चित्र आहे. चित्र फार देखणं आहे. यंत्र पाहुणे येणार असले की चालतं. एरवी वीज परवडत नाही म्हणून पाणी आलं तसं जातं (नदी काही बिल पाठवत नाही). तिच्यावर फेस इतका असतो की लांबून वाटावं कोणी कापूस वाळत घातलाय. खालच्या अंगाला भाजीचे मळे आहेत, तिथल्या माणसांच्या पोटऱ्यांना फोड आलेत. बेडूक ओरडायचे बंद झाले ते कधी, कोणाला सांगता येत नाही. नदीत मासा नाहीच, म्हणून आमचे मासे दुकानातून येतात.

तर मासे. फाटकातून आत आलं की काचेची पेटी आहे आणि तिच्यावर पाटी आहे, ‘येथे शुद्ध केलेल्या पाण्यातील मासे’. पाहुणे ती पाटी वाचतात, मान डोलावतात, फोटो काढतात आणि चहाला जातात. आधी त्या पेटीत खरोखरच आमचं शुद्ध केलेलं पाणी भरायचे. दुसऱ्या दिवशी सगळे मासे पोट वर करून. मग मोठ्या साहेबांनी सांगितलं, ऑफिसातल्या नळाचं भरा, पिण्याचं पाणी आहे, त्यात कसे मरतील. दुपारपर्यंत तेही मेले. साहेब म्हणाले, दुकानदाराने हलका माल दिलाय. मुकादम म्हणाला, याची नजर वाईट आहे. ‘याची’ म्हणजे माझी, कारण तोवर पेटी माझ्या गळ्यात पडली होती आणि मासा मेला की मुकादम असा बघायचा जणू मीच त्याचा गळा दाबला (माशाला गळा कुठे असतो ते अजून सापडलं नाही). शेवटी वैतागून मी माझ्या खोलीतल्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून सायकलवरून नेलं. आत्या, मासे जगले. नुसते जगले नाहीत, फुगले. मग रोजचाच रतीब सुरू झाला. साहेबांनी पाठ थोपटली, मुकादम मला माशांचा मामा म्हणायला लागला. त्याच आठवड्यात मी तुम्हाला कळवलं की इथलं पाणी फार मानवतं, हिला पाठव, गाल वर येतील.

पुढे एक मोठे पाहुणे आले, जरा खवचट होते. ते म्हणाले, पाणी एवढं चांगलं आहे तर साहेब, तुम्ही घोटभर घेऊन दाखवा. साहेबांनी मला डोळ्याने खूण केली. पाणी नळाचं आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक. मी माझ्या कॅनमधून ग्लास भरून दिला, त्यांनी तो एका दमात संपवला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभराने साहेब रजेवर गेले ते अजून आले नाहीत. हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसतात म्हणे.

असो. तर सध्या तुम्ही येऊ नका. खोलीला रंग द्यायचा आहे आणि रंगाचा वास हिला सोसणार नाही.

तुझा,
भिंगरीवाला

ता. क. रंगाचं खोटं आहे. जो दिवसभर गटारापाशी उभा राहतो तो रंगाच्या वासाचं कारण सांगतो, यावर तुम्ही दोघी हसला असाल. हसून घ्या. आणि मग आत्या, तू हिच्याजवळ सरकून बस.

ता. क. पुन्हा. आमच्याकडे बाटल्यांत पाणी भरून तपासणाऱ्या एक मॅडम आहेत. साहेब आजारी पडल्यावर त्यांनी मला विचारलं, तो ग्लास कुठला होता. मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या घरचा, मासे खुश आहेत त्यावर. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, “अरे, ऑफिसच्या नळात मासे मेले ते पाण्यातल्या औषधाने. ते औषध माणसाला चालतं, माशाला नाही. तुझ्या नळाच्या पाण्यात मासा मजेत पोहतोय, म्हणजे त्यात औषध उरलेलंच नाही. गटाराने खाल्लं ते.” आमच्या ओळीतला पाण्याचा पाइप गटारातूनच जातो. पाणी येतं घटकाभर, बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो आणि फटींतून गटार आत ओढून घेतो.

शेजारच्या वायरमनची बायको हिच्याएवढीच होती, हिच्याच महिन्यांतली. तिच्याकडे बघून मी अंदाज बांधायचो की आपली आता केवढी दिसत असेल. ती मला चिडवायची, “भाऊजी, माशांना रोज नेता, मला जड उचलवत नाही, एक हंडा माझाही भरा की.” मी भरून द्यायचो. आमच्या ओळीत बऱ्याच घरांत कावीळ झाली. पोरं बरी झाली, पुरुष उठून कामाला लागले. ती उठली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही कावीळ गरोदर बाईला झाली तर फार जड जाते. वायरमनने तो हंडा दाराबाहेर पालथा घातलाय, आणि येता-जाता तो मला ओलांडावा लागतो.

ता. क. शेवटचं, आणि हे फक्त वाचणारीसाठी. येऊ नको म्हटलं की तू हटकून येतेस, हे मला ठाऊक आहे. या वेळी माझं एवढं ऐक. आत्याचं गाठोडं सोड. तिथलं पाणीसुद्धा खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नको. दिवस भरायच्या आत मीच तिकडे येतो, पायाला भिंगरी आहेच. इकडची खुशाली विचारशील तर पेटीतले मासे एकदम मजेत आहेत. त्यासाठीच म्हणतो, येऊ नको.