मामाजींनी मलाच सांगितलं

१२ नोव्हेंबर २०११, शनिवार. मुर्री

आज गोंदियात मामाजींच्या पोटाचा सीटी स्कॅन झाला. मोठ्या आतड्यात गाठ आहे. कॅन्सरचीच वाटते, पण एकाच जागी आहे, पसरलेली दिसत नाही, ऑपरेशनने निघेल, असं डॉक्टर म्हणाले.

दोन महिने शौचातून रक्त जात होतं आणि हा माणूस गप्प. सासूबाई नाहीत, मुलाला सांगायची लाज. शेवटी मागच्या आठवड्यात मान खाली घालून मलाच सांगितलं. सुनेला! किती दिवस शब्द जुळवले असतील?

स्कॅनला जाताना माझा हात सोडेनात. "श्वास रोखा म्हणते मशीन. मले जमन का?"

"जमते मामाजी. मी काचेमागंच उभी आहो."

बाहेर आल्यावर रिपोर्टचं विचारलंच नाही. म्हणाले, "तू काऊन उपाशी राहून राहिली? पयले काही खाय."

तो हात अजून जाणवतो. किती थंड होता.

घरी आल्यावर मामाजींना सगळं सांगितलं. मग विचारलं, "ह्यांना मी सांगू?"

"नाई. पोराले मीच सांगतो. तू फक्त बाजूले बस."

मी बसले.