पडद्याचा चौथा कोपरा

दि. १४, मंगळवार

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू ठीक असशीलच. टीव्हीवर रोज दिसतोस, त्यावरून खाणंपिणं वेळेवर चाललंय असं वाटतं. हे पत्र तुझ्या नव्या शर्टाच्या खिशात घालून पाठवते आहे. फोन केला की तुझा सहायक उचलतो आणि साहेब बैठकीत आहेत म्हणतो. टपालाने पाठवलं तर तोच फोडणार. खिशात मात्र तू अजून स्वतःच हात घालत असशील अशी आशा आहे.

दुकान जोरात चाललंय. सरकार कुणाचंही येवो, झेंडे आपल्याकडेच शिवायला येतात. एका टेबलावर सत्ताधारी, दुसऱ्यावर विरोधक आणि मधे मी कात्री घेऊन. शिवणाऱ्या पोरींचा गोंधळ होतो तो गठ्ठे बांधताना. राज्याच्या निवडणुकीला जे दोन पक्ष गळ्यात गळे घालतात, तेच देशाच्या निवडणुकीला एकमेकांचे गळे धरतात. मग कोणते रंग एकत्र बांधायचे आणि कोणते वेगळे, हे दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं. परवा एकीनं विचारलं, ताई, यांना स्वतःला तरी आठवतं का हो? मी म्हटलं, तू गाठ घट्ट मार.

आता पडद्याचं. तू रागावला आहेस हे सहायकाने तीनदा सांगितलं. तुला असं वाटतं की मी मुद्दाम केलं. तर नीट ऐक. तू बदक चिन्हाचा पक्ष सोडून पायऱ्यांच्या चिन्हाच्या पक्षात गेलास, त्याच दिवशी तुझा सहायक धावत दुकानात आला. व्यासपीठामागे लावायचा पडदा हवा होता आणि नवा शिवायला वेळ नव्हता. म्हणाला, जुन्यावरच नवं कापड चढवा, बदक झाकलं की झालं. मी सांगितलं, मधे काळं अस्तर घालू या, नाहीतर मागून उजेड आला की आतलं दिसेल. त्यावर तो हसला. सभा संध्याकाळनंतर आहे, उजेड कुठून येणार, म्हणाला. मग राजधानीतल्या तुमच्या मोठ्या साहेबांना विमान गाठायचं होतं म्हणून सभा भर दुपारी झाली. त्यात माझा काय दोष?

तू मात्र बोललास झकास. ‘मी आयुष्यात कधी बदललो नाही,’ असं म्हणालास आणि नेमकं तेव्हाच मागून ऊन आलं. पायऱ्यांवर ते भलंमोठं बदक उगवलं, आणि त्याची चोच बरोबर तुझ्या कानाशी. सगळं मैदान हसलं. तू समजतोस की विरोधकांनी माणसं पेरली होती. नाही रे. सगळ्यात आधी मी हसले. तुला ते दिसलंही, आणि तुझा चेहरा पडलेला मला दिसला. पडदा शिवल्याबद्दल मला काही वाटत नाही, हसल्याबद्दल मात्र वाईट वाटतं. शाळेच्या नाटकात तू वाक्य विसरलास तेव्हा सगळे हसले होते आणि मी एकटी गप्प बसले होते.

तुझ्या माणसांनी तो पडदा त्याच संध्याकाळी दुकानात आणून आपटला. मी घडी करून ठेवला.

इथवर इकडचं तिकडचं लिहिलं. आता जे लिहायचं नाही असं बाबांनी बजावलं आहे, ते लिहिते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वर्तमानपत्र आणायला बाहेर पडले. रोज मीच आणते, पण त्या दिवशी त्यांना थांबवेना. तुझा फोटो असणार होता ना. आपल्या गल्लीतला खड्डा तुला आठवतच असेल, त्यावर तू सभागृहात छान बोलला होतास. खणायचं काम राज्याचं, बुजवायचा निधी केंद्राचा. राज्य म्हणतं वरून पैसा आला नाही, केंद्र म्हणतं खालून मागणी आली नाही. या दोघांच्या मधे बाबा पडले. खुब्याचं हाड मोडलं.

तू ज्या दवाखान्यातल्या लिफ्टची फीत कापलीस, तिथेच नेलं. तळमजल्यावर तुझ्या नावाची पाटी आहे, चकचकीत. लिफ्टही आहे. फक्त ती चालत नाही. यंत्र राज्याने दिलं आहे आणि वीजजोडणी केंद्राच्या योजनेतून व्हायची आहे. शस्त्रक्रिया तिसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. तिथल्या परिचारिकेने सवयीच्या आवाजात विचारलं, घरून जाड चादर आणली आहे का? सगळेच आणतात म्हणे.

मी दुकानात पोरीला पिटाळलं आणि तुझा पडदा मागवला. समोरचा न्हावी, दूधवाला, दवाखान्यातला रखवालदार आणि मी, चौघांनी चार कोपरे धरले. दुहेरी कापड होतं म्हणून टिकलं. तुझ्या सहायकाला सांग, अस्तर नव्हतं तरी चाललं. दुसऱ्या वळणावर माझे हात भरून आले तेव्हा वाटलं, आता सुटतंय. सुटलं नाही. बाबा दात आवळून पडले होते. मग त्यांनी बोटांनी कापड चाचपलं आणि विचारलं, कुठलं गं हे?

मी म्हटलं, ‘धाकट्याचं. सभेतलं.’

त्यांनी कापडाची कड मुठीत धरली. वरच्या पायरीवर पोचल्यावर म्हणाले, ‘म्हणजे उचललंच म्हणायचं त्यानं मला.’

टोमणा होता की काय होतं, मला अजून कळलेलं नाही. सरकारी छापखान्यात जन्मभर मंत्र्यांच्या भाषणांचे खिळे जुळवलेला माणूस. मजकूर तोच, साल तेवढं बदलायचं, असं म्हणायचे. पण तुझं भाषण वर्तमानपत्रात आलं की चष्मा पुसून दोनदा वाचतात. तुला कळवू नको म्हणाले. तो गाड्या आणि फोटोवाले घेऊन येईल, वॉर्डातल्या लोकांची झोपमोड होईल. मला वाटतं, खरी भीती वेगळी आहे. कळवूनही तू आला नाहीस तर काय, ही.

शस्त्रक्रिया नीट झाली. शनिवारी सकाळी घरी सोडणार आहेत. म्हणजे पुन्हा तोच जिना, या वेळी खाली. न्हाव्याची पाठ धरली आहे, त्याला मी नको म्हटलं.

तू एक फोन केलास तर लिफ्ट शनिवारपर्यंत सुरू होईल, हे मला ठाऊक आहे. रविवारी बंद पडेल, हेही ठाऊक आहे. बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी आहे, तिचा मुलगा तिला रोज पाठीवर घेऊन खाली तपासणीला नेतो. फोन करायचा तर तिच्यासाठी कर, आणि पुन्हा पुन्हा कर. बाबांसाठी मात्र फोन नको, तू ये. गाडी कोपऱ्यावर सोड आणि चालत ये. खड्डा डावीकडे आहे, जपून. हा शर्ट घाल. खांद्यात सैल ठेवला आहे, वजन उचलताना उसवणार नाही.

बदक अजून दिसतं, पायऱ्याही दिसतात. पडदा धुऊन ठेवला आहे. डोक्याकडचा उजवा कोपरा कुणाला दिलेला नाही.

तिसऱ्या मजल्यावर वाट बघणारी,
तुझी ताई