निळीचा कान

३ ऑगस्ट, सोमवार

निळीला म्हणे पोरगा आहे! घ्या!

आठ वर्षं मी या बाईला शाई चढवतेय. परग्रहावरची, निळ्या कातडीची, आमच्या चित्रमासिकातली सगळ्यात दुष्ट बाई. आधी स्वतःच्या ग्रहाचं सैन्य, मग माणसं, मग यंत्रमानव, मग पुन्हा माणसं — दरवेळी बाजू बदलली आणि एकदाही कुणाला कारण सांगितलं नाही. म्हणून तर आवडते मला. आणि आज संपादक म्हणतात, "कारण सापडलं! आपला हिरो तिचाच मुलगा. त्याच्यासाठीच केलं तिने सगळं."

सापडलं म्हणे. हरवलं होतं का?

४ ऑगस्ट

आणि हे सगळं माझ्यामुळे! आमचा पेन्सिलवाला कान काढतच नाही. नुसता गोल करून सोडतो, आतलं शाईने मी भरते. टेबलावर छोटा आरसा ठेवलाय, त्यात बघून माझाच कान उतरवते. माझ्या डाव्या कानाची वरची कड आत दुमडलेली आहे, जन्मापासून. निळीला तो कान मी हौसेने दिलेला. गेल्या अंकात घाईघाईत हिरोलाही तोच गेला — तोही मुखपृष्ठावर! आता पोरंटोरं फोन करून विचारतायत, "निळी त्याची आई आहे का?"

म्हटलं, "अहो, चूक झाली माझी."

"चूक कसली, लॉटरी आहे," संपादक म्हणाले.

७ ऑगस्ट, शुक्रवार

गोष्ट हातात आली. शेवटच्या पानावर निळी गुडघे टेकते, ढसाढसा रडते, मुलाची माफी मागते आणि मरते. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

लेखकमहाशय मला समजावतात, "बाई अशी का वागली, ते वाचकाला कळायला नको?"

"का कळायला हवं?"

"अगं, आईचं काळीज असतं ते!"

याच मासिकात एक दाढीवाला सम्राट दर दोन अंकांनी एक ग्रह जाळतो. त्याला नाही कुणी बाळ चिकटवत!

घरी आत्याजवळ तणतणले. आई मी दोन वर्षांची असताना तापाने वारली, तेव्हापासून आत्यानेच वाढवलं मला. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "मरू दे की तिला. मेलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही." मग माझे केस कानावर ओढले. ही तिची जुनी खोड. कान उघडा दिसलेला तिला चालतच नाही.

१२ ऑगस्ट

माफीचं पान टेबलावर येऊन पडलंय. हात लावणार नाही.

१९ ऑगस्ट, बुधवार

लावला हात! गुडघे खोडले. निळीला सरळ उभी केली, डोळे कोरडे ठाक. माफीच्या संवादाचा फुगा पांढऱ्या रंगाने बुजवून टाकला. मरणही नाही. उभी आहे नुसती, पोरासमोर. पेन्सिलवाला मागून येऊन बघून गेला. "मी काही बघितलं नाही हं," म्हणाला. भला माणूस!

१ सप्टेंबर, मंगळवार

अंक बाजारात आला. संपादकांनी शेवटचं पान आज बघितलं, छापून झाल्यावर.

"कुणाला विचारून केलंस हे?"

"कुणालाच नाही."

"नोकरी गेली समज!"

"समजले."

आरसा पिशवीत टाकला आणि निघाले. जिना उतरताना मान खाली घातली नाही. माझ्या निळीने कुणाला कारण दिलं नाही, देणारही नाही. ज्याला हवं असेल त्याने बसावं रडत!

६ सप्टेंबर, रविवार

दुपारी बेल वाजली. आत्याने दार उघडलं आणि लगेच लोटायला लागली. मी पुढे झाले. बाहेर एक वयस्क बाई, हातात आमचा अंक. "हे कान कोण काढतं, ते विचारत आले," म्हणाली आणि केस मागे घेतले. डावा कान. वरची कड आत दुमडलेली.

आत्या मटकन खाली बसली.

ती बाई रडली नाही. माफी मागितली नाही. सरळ उभी होती.

आणि मी — मी ओरडले, "का गेलीस? कारण सांग मला!"